माझी पिन कोणी काढली?

आधी माझ्याखाली कोणी उभं नाही ना, ते बघून घ्या. बघितलंत? मग जरा बाजूला सरकून बसा. आता सांगतो.

मला सोंड्या म्हणतात. दारव्ह्यापासून अर्ध्या तासावरच्या एका गावात, नीळकंठच्या ट्रॅक्टरच्या पाठीला जोडलेला मी एक लोखंडी हात. हत्तीच्या सोंडेसारखा वर-खाली होतो, म्हणून हे नाव पडलं. गर्डर, दगड, पाण्याची टाकी, असं जे चार माणसांना हलत नाही ते मी उचलतो. माझा जन्म कारखान्यात झालेला नाही. माझ्यावर कुठल्या कंपनीचा शिक्का नाही, किती वजन झेपेल त्याची पाटी नाही. म्हणून जो येतो तो आधी माझ्याकडे संशयानं बघतो. मी कोणाला दोष देत नाही. मीही स्वतःकडे तसंच बघत आलोय.

का, ते ऐका. माझा लांब हात वणीकडच्या एका कोळशाच्या ट्रकच्या चेसिसचा आहे. जास्तीचा माल भरून भरून तो ट्रक एक दिवस कमरेतच मोडला. माझी चौकट एका कल्टिव्हेटरची, शेताच्या धुऱ्यावरच्या दगडाला अडकून वाकलेल्या. टोकाचा आकडा विहिरीवरच्या कप्पीचा. त्यानं एकदा पाण्यातली मोटर वर काढता काढता अर्ध्यातून सोडून दिली होती. म्हणजे माझ्या अंगातल्या एकेका तुकड्यानं कधी ना कधी कोणाला तरी दगा दिलेला. असं लोखंड एकत्र जोडलं तर त्याचं काय होणार, हा प्रश्न लोकांच्या आधी मलाच पडला होता.

माझ्यात बिनडागाची एकच वस्तू होती. ती म्हणजे माझी पिन.

ती धावजीनं केली. धावजी बंजाऱ्यांच्या तांड्यावरचा वेल्डर, रस्त्याच्या कडेला टिनाच्या टपरीत त्याचं काम चालतं. मला जोडलं त्यानंच. मी ट्रॅक्टरला तीन ठिकाणी जोडलेला असतो. दोन जागा खाली, एक वर. भार उचलला की सगळी ओढ त्या वरच्या जागेवर येते. तिथली पिन सुटली तर मी तोंडावर पडलोच म्हणून समजा. धावजीनं त्यासाठी ट्रकच्या एक्सलचा तुकडा शोधला, लेथवर घासून घेतला आणि अंगठ्याहून जाड, वीतभर लांब पिन माझ्यात बसवली. मग नीळकंठला म्हणाला, "भाऊ, बाकी काही बी बदल. हे पिन बदलू नको. हे याडी हाये याची."

तांड्यावर आईला याडी म्हणतात.

मला घडवायची वेळ का आली, तर नीळकंठच्या घरासमोर देवीचं देऊळ आहे. त्यापुढे सभामंडप बांधायला काढला. भिंती उठल्या, आता वर आठ लोखंडी गर्डर चढवायचे होते. दारव्ह्याहून क्रेन बोलावली, ती गल्लीच्या वळणापर्यंत आली आणि मागच्या मागे गेली. वळण अरुंद. दोर लावून ओढायला माणसं म्हणावीत, तर सगळं गाव सोयाबीन कापायला शेतात. गवंडी उकंडाजींचं म्हणणं होतं की थांबू, सोयाबीन निघालं की बारा माणसं जमवू. साठी ओलांडलेला माणूस, अर्ध्या गावाच्या भिंती त्यांच्या हातच्या. पण नीळकंठला थांबायचं नव्हतं. त्याला दसऱ्याच्या आत छत पाहिजे होतं. आणि त्यामागे त्याची बायको होती, सुमेधा.

सुमेधानं काही मागितलं नव्हतं. ती मागणाऱ्यातली नाही. सोमवार, चतुर्थी, मार्गशीर्षातले गुरुवार, वर्षाच्या कॅलेंडरवर तिच्या लाल पेनाच्या खुणाच खुणा. पण एक व्रत तिनं सगळ्यांहून वेगळं जपलं होतं. नऊ वर्षांपूर्वी तिची मुलगी खुशी तापानं पडली. ताप उतरला, पण पोरीची वाचा गेली. एकोणीस दिवस तिच्या तोंडून शब्द नाही. तेव्हा सुमेधा याच देवळात येऊन बसली आणि देवीला म्हणाली, हिचा आवाज परत दे, माझा दर नवमीला तू ठेव. विसाव्या दिवशी खुशीनं पाणी मागितलं. तेव्हापासून नवरात्रातल्या नवमीला, पहाटेपासून संध्याकाळच्या आरतीपर्यंत सुमेधा एक अक्षर बोलत नाही. नऊ वर्षांचा नवस बोललेला होता. हे नववं. दसऱ्याला नव्या मंडपात सवाष्णी जेवू घालून उद्यापन करायचं, एवढं तिच्या मनात होतं आणि नीळकंठला ते माहीत होतं.

तर असा मी जन्मलो. पहिल्याच चाचणीत वाळूनं भरलेला ड्रम उचलायला गेलो, आणि ड्रम राहिला खाली, ट्रॅक्टरचंच तोंड वर झालं. बघायला आलेली माणसं हसत हसत पळाली. मग नीळकंठनं पुढच्या बाजूला वाळूची पोती बांधली. दुसऱ्यांदा ड्रम उचलला गेला. तरी कोणी टाळी वाजवली नाही. सगळे आपापल्या पायांकडे बघत मागे सरकले.

उकंडाजी तर रोज माझ्याभोवती फेरी मारायचे. वेल्डिंगवर नखानं खरवडून बघायचे, पिनेला हात लावायचे, मान हलवायचे. हा एक दिवस कोणाले तरी घेऊन बसते, असं सगळ्यांदेखत म्हणायचे. नीळकंठला वाटायचं, म्हाताऱ्याला आपलं यंत्र डोळ्यांत खुपतं. बारा माणसांचा मुकादम होता तो, आता एका लोखंडापुढे उभं राहावं लागतं. मलाही तसंच वाटायचं. रोज मला इतकं नीट बघणारा तोच एक माणूस होता, हे माझ्या फार उशिरा ध्यानात आलं.

अष्टमीपर्यंत सहा गर्डर चढले. दोन राहिले.

अष्टमीच्या संध्याकाळी सुमेधा अंगणात आली. नीळकंठ बाजेवर बसून मोबाइलमध्ये कापसाचे भाव बघत होता. ती म्हणाली की उद्या खंडेनवमी, उद्या हत्यारांची पूजा, याला उद्या निजू द्या. याचं एवढं मोठं धूड काही देवघरात मावत नाही, म्हणून याची पिन तेवढी सकाळी पूजेला नेते. नीळकंठ म्हणाला, "हो, हो." नजर मोबाइलवरच. मी तिथेच उभा होतो. त्याच्या त्या 'हो'चा मला तेव्हाच संशय आला होता.

पहाटे माझ्यापाशी बांगड्या वाजल्या. सुमेधा न्हाऊन आली होती, मौन सुरू झालेलं. तिनं माझ्या चौकटीला आधी कपाळ टेकवलं, मग ताकद लावून पिन काढली आणि पदरात धरून घरात नेली. पाट मांडलेला होता. विळी, विळा, कात्री, सुरी, कुऱ्हाड, सगळी धुऊन पुसून ओळीनं बसलेली. त्यांच्या मधोमध माझी पिन ठेवून तिनं हळद-कुंकू लावलं, झेंडूची फुलं वाहिली. आणि ती पुरण शिजवायला चुलीपाशी गेली. आज कोणी या यंत्राला हात लावणार नाही, याबद्दल तिच्या मनात तिळाइतकी शंका नव्हती.

इथेच चूक झाली. पण ती चूक कोणाची म्हणू? खंडेनवमीला कोणी हत्यार उचलत नाही, हा तिचा भरवसा. आणि आपण सांगितलेलं समोरच्यानं ऐकलं, हा दुसरा.

दहाच्या सुमारास नीळकंठ बाहेर आला. दोनच तर राहिलेत, तासाभराचं काम, दसऱ्याला मंडप पुरा दिसेल, असं स्वतःशीच बोलत होता. उकंडाजी देवळाच्या पायरीवर बसलेले. न्हाऊन, धुतलेली टोपी घालून प्रसादाला आले होते. थापी, ओळंबा, सगळं घरी पाटावर ठेवून. त्यांनी सांगितलं की आज नको, आज लोखंडाले हात लावत नसतेत. नीळकंठ हसला. मग माझ्याजवळ आला आणि थबकला. वरचं भोक रिकामं.

त्यानं खाली बघितलं, मागे बघितलं, ट्रॅक्टरची पेटी धुंडाळली. त्याचा चेहरा बदलत गेला. मी बघत होतो. माणसाच्या मनात संशय शिरला की आधी डोळे बारीक होतात, मग आवाज हळू होतो.

"मिस्त्री, पिन कुठी हाये?"

"कोनती पिन?"

"काल दिवस बुडता बुडता तुमी याच्यापाशी उभे होते."

"उभा होतो. पाहून राह्यलो होतो. आता पाहाले बी परवानगी लागते का?"

"तुमाले काम होऊ द्याचंच नाही. पयल्या दिवसापासून माह्या ध्यानात हाये."

अंगणात हार गुंफत बसलेल्या बायांचे हात थांबले. उकंडाजी उठले. त्यांनी सदऱ्याचे दोन्ही खिसे उलटे करून दाखवले. तंबाखूची डबी पडली, चुन्याची डबी पडली, आणि नातीसाठी घेतलेल्या दोन लिमलेटच्या गोळ्या मातीत पडल्या. मग ते म्हणाले, "घरी बी चाल. डबे उघडून पाहून घे."

मला ओरडून सांगावंसं वाटत होतं. पण माझ्या तोंडी फक्त आकडा आहे, जीभ नाही.

नीळकंठ गेला नाही त्यांच्या घरी, तेवढी लाज त्याच्यात होती. पण मागेही हटला नाही. नांगराचा एक बोल्ट शोधून आणला आणि माझ्या वरच्या भोकात घातला. तो आत खुळखुळत होता. उकंडाजी म्हणाले की बोल्ट बारीक हाये. नीळकंठ म्हणाला की तुमाले सगळंच बारीक दिसते.

तेव्हा म्हाताऱ्यानं जे केलं ते मी जन्मात विसरणार नाही. त्यांनी टोपी काढून पायरीवर ठेवली, शिडी लावली आणि गर्डर जिथे टेकवायचा त्या भिंतीवर जाऊन उभे राहिले. "माह्यावर शक हाये ना? मंग मीच धरतो वरून. उचल."

ट्रॅक्टर सुरू झाला. आकड्यात साखळी अडकली. माझ्या अंगातून कळ गेली. बोल्ट त्याच क्षणी थोडा कलला, मला कळलं, दुसऱ्या कोणाला नाही.

घरात सुमेधा चुलीवरचं पुरण घोटत होती. आवाज ऐकून तिला वाटलं, ट्रॅक्टर सावलीत लावत असतील. मग साखळी वाजली. ती पुरणाचे हात तसेच घेऊन दारात आली आणि तिला वर चढणारा गर्डर दिसला. तिनं दोन्ही हात जोरानं हलवले. नीळकंठनं बघितलं. त्याला वाटलं, नैवेद्याला बोलावते. त्यानं हसून हात वर केला, आलो आलो, ताट वाढ. तिनं मूठ वळून दाखवली, पिन अशी, जाड. त्यानं मान डोलावली. त्याला वाटलं, नारळ फोडायचाय.

ती आत पळाली. फुलांखालून पिन काढली आणि घेऊन आली, हात उंच करून. पण तोवर नीळकंठ मागे वळून बसला होता. ट्रॅक्टरवर बसणारा माणूस भार उचलताना मागेच बघतो. त्याची पाठ तिच्याकडे. इंजिन घुमत होतं. बायांचे डोळे वर गर्डरकडे. गर्डर भिंतीच्या उंचीला पोचत आला होता आणि उकंडाजींनी त्याला धरायला दोन्ही हात पुढे केले होते.

माझा बोल्ट वाकत होता. तसूतसूनं.

मी सुमेधाला बघितलं. अंगणाच्या मधोमध ती उभी होती, पिन छातीशी. तिच्या चेहऱ्यावर जे चाललं होतं ते मला दिसत होतं. नऊ वर्षं. एकोणीस दिवस मुकी राहिलेली पोर. ती आता यवतमाळला नर्सिंग शिकते, तिचा आवाज या मौनावर उभा आहे असं आईनं मानलेलं. आरतीला अजून आठ तास होते. तिचे ओठ उघडले, मिटले.

मग ती ओरडली.

"अहो" म्हटलं असतं तर त्या गोंगाटात ते कोणाचंही अहो झालं असतं. तिनं त्याचं नाव घेतलं. लग्नाच्या उखाण्यानंतर बावीस वर्षांत जे नाव तिनं तोंडातून काढलं नव्हतं, ते.

"नीळकंठ! खाली घ्या ते! पिन माह्यापाशी हाये!"

त्याचा हात आपोआप दांड्यावर गेला. गर्डर मागे सरकला, खाली यायला लागला. छातीएवढा आला, कमरेएवढा आला. जमिनीपासून हातभर राहिला, तेवढ्यात माझा बोल्ट तुटला. मी तोंडावर आपटलो. धूळ उडाली. गर्डर दणकन मातीत बसला. त्याच्याखाली कोणी नव्हतं. वर भिंतीवर उकंडाजी होते तिथेच बसले.

इंजिन बंद झालं. सुमेधा पुढे आली. हळद-कुंकवानं माखलेली पिन तिनं सगळ्यांना दिसेल अशी धरली. "मी नेली होती. पूजेले. काल सांगितलं तुमाले, तुमी हो म्हनलं." तिचा आवाज लहान झाला होता. "उकंडाभाऊजी, माह्यामुळे झालं हे."

एक बाई म्हणाली की देवीच बोलली तिच्या तोंडून. सुमेधानं मान हलवली. म्हणाली, मीच बोलली, बाई. देवीवर नका घालू.

उकंडाजी शिडीवरून सावकाश उतरले. मातीतली डबी उचलली, चुन्याची डबी उचलली, दोन गोळ्या फुंकून झटकल्या, टोपी घातली. नीळकंठ त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिला. उकंडाजी त्याच्या बाजूनं निघून गेले. प्रसाद न घेता.

घरात सासूबाई वच्छलाबाई खाटेवर बसलेल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या रागावल्या नाहीत, घाबरल्या. म्हणाल्या, नवऱ्याचं नाव घेतलं ते घेतलं, जीव वाचवाले घेतलं. पण मौन... आखरीच्या वर्साचं, बाई. सुमेधानं करपलेलं पुरण बाजूला ठेवलं आणि फोन उचलला. दार उघडं होतं, मला ऐकू येत होतं. रिंग गेली. कोणी उचललं नाही. पुन्हा लावला. नाही उचलला. वच्छलाबाई जप करू लागल्या. मी लोखंड असून मला घाम फुटल्यासारखं झालं. माझ्यापायी मोडलेलं व्रत, त्याचं फळ आता कोणाला?

तिसऱ्यांदा पलीकडून आवाज आला.

"आई? वार्डात होती मी. आज तर तुझं मौन हाये ना? तू फोन काहून केला? काय झालं?"

सुमेधानं फोन कानाशी घट्ट धरला. पदर तोंडात धरून ती दाराच्या चौकटीला टेकली.

"आई, बोल ना."

"तूच बोल," सुमेधा म्हणाली. "मी ऐकून राह्यली. कायबी बोल."

खुशी बोलत राहिली. मेसमधली पातळ डाळ, खडूस मेट्रन, मैत्रिणीची हरवलेली चप्पल. आई रडत रडत ऐकत होती आणि सासू खाटेवरून विचारत होती की साफ येते ना आवाज, साफ येते ना.

दसऱ्याला नीळकंठ आपट्याची पानं घेऊन सगळ्यांआधी उकंडाजींच्या दारी गेला. त्यांनी सोनं घेतलं, आपलं दिलं. 'बस' असं म्हणाले नाहीत. काम मात्र त्यांनी अर्ध्यावर टाकलं नाही. धावजीला बोलावून माझी सगळी जोडणी नव्यानं तपासून घेतली आणि उरलेले दोन गर्डर दुसऱ्या दिवशी चढवले. नीळकंठशी बोलायचं असलं की धावजीला सांगायचे. धावजी मध्ये उभा राहून दोघांकडे बघत म्हणायचा, मी वेल्डर हाये का पोस्टमन?

उद्यापन राहिलं. सुमेधानं ठरवलं, मोडलेलं वर्ष पुन्हा करायचं. देवी समजून घेईल यावर तिचा विश्वास होता, तरी उधार ठेवायचं नव्हतं.

यंदाच्या नवमीला ते तिनं पुरं केलं. पण यंदा घरात ती एकटी मुकी नव्हती. जन्मात एकादशीही न धरलेल्या नीळकंठनं आदल्या दिवशी सांगून टाकलं की उद्या मीही बोलणार नाही. प्रायश्चित्त म्हणायला त्याला संकोच वाटला. तो नुसता पहाटे न्हाऊन, तोंड मिटून ओसरीवर बसला.

बातमी पसरायला वेळ लागत नाही. नऊ वाजता उकंडाजी आले, मंडप पुरा झाल्यापासून त्या अंगणात पहिल्यांदा. बाज ओढून नीळकंठच्या पुढ्यात बसले, सावकाश तंबाखू मळली.

"खरंच बोलत नाहीस का रे?"

नीळकंठनं मान हलवली.

"मंग ऐक."

आणि म्हातारा बोलायला लागला. वर्षभराचं साचलेलं. खिसे उलटे केले तेव्हा बायांसमोर कसं वाटलं. घरी जाऊन जेवण कसं उतरलं नाही. मातीतल्या गोळ्या धुऊन नातीला कशा दिल्या. मधेच नीळकंठच्या बापाची एक गोष्ट, मधेच त्याच्या लहानपणी त्यानं ताज्या सिमेंटवर उमटवलेल्या पावलांची तक्रार. नीळकंठला एकही उत्तर देता येत नव्हतं. तो ऐकत होता, आणि त्याच्या गालावरून पाणी वाहत होतं. दुपारी सुमेधानं न बोलता दोन ताटं आणून ठेवली. उकंडाजींनी एक आपल्याकडे ओढलं आणि पुरणात तूप कमी आहे म्हणून तिलाही ऐकवलं. ती तोंडाला पदर लावून हसली.

आता मी शेडमध्ये असतो. कोणाची टाकी चढवायची असली, कोणाची पायाची शिळा बसवायची असली की मला नेतात. अजूनही नवा माणूस मला संशयानं बघतो. बघू द्या. मला बघा, खरवडून बघा, पिन हलवून बघा, माझं भलंच होईल त्यात. पण माझ्याजवळ उभ्या असलेल्या माणसाला तसं बघायच्या आधी, घरात जाऊन एकदा विचारून या. एवढंच मागतो.

चला, ट्रॅक्टर सुरू होतोय. बाजूला व्हा.